समाजमाध्यमांतील तुलना व तिचे गणित

शाळान्त परीक्षा देऊन मुले आपापल्या वाटेस लागली म्हणजे कोण कोठवर पोहोचला, ही विचारपूस व्हावयाचीच. ती आपल्या समाजात पूर्वापार चालत आलेली आहे. परंतु पूर्वी तिला एक वेस होती. मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर होएश्ट, रिचर्डसन अँड क्रुडास इत्यादिकांचे कारखाने चालू होते, त्या काळी पाळी संपवून घरी परतणारा कामगार आपली स्थिती चाळीतल्या वीसपंचवीस बिऱ्हाडांशी ताडून पाही. शेजाऱ्यास बढती मिळाली तर त्याच्या घरचा पेढा खाताना मन थोडे खट्टू होई; पण त्याच शेजाऱ्याची उसनवारी, त्याच्या पत्नीचे आजारपण, मुलाचे नापास होणे, हेही भिंतीपलीकडून ऐकू येई. जमाखर्चाची दोन्ही पाने डोळ्यांपुढे उघडी असत.

आज त्या रस्त्यालगत उंच निवासी इमारती उभ्या आहेत आणि भिंतीपलीकडचे सहसा काही ऐकू येत नाही. त्याऐवजी २००३ साली लिंक्डइन, २००४ साली फेसबुक, २०१० साली इन्स्टाग्राम अशी माध्यमे एकामागून एक निघाली, आणि शेजाऱ्याच्या वहीचे केवळ जमेचे पान तेवढे दिवसातून पन्नास वेळा आपल्या हातात येऊ लागले. याचा परिणाम काय होतो, हे आम्ही जवळून पाहत आहो. पदविका घेऊन ठाण्याच्या एका कारखान्यात यंत्रदुरुस्तीचे काम उत्तम प्रकारे करणारा आमचा एक जुना विद्यार्थी गेल्या वर्षी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यास आला नाही. कारण विचारता म्हणाला, "सर, वर्गातले दोघे कॅनडात आहेत, एकाने बंगळूरला कंपनी काढली आहे. मी येऊन काय सांगू?" त्याच्या वर्गात बेचाळीस मुले होती. तिघांचे वर्तमान त्यास तोंडपाठ होते. उरलेल्या अडतिसांपैकी बहुतेकांचे त्यास काहीच ठाऊक नव्हते, आणि तरीही आपण सर्वांच्या मागे राहिलो असा निकाल त्याने स्वतःवर दिला होता!

हा दोष त्या मुलाच्या मनाचा आहे असे आम्हांस वाटत नाही. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली असे प्रतिपादन केले की, जेथे मोजण्यास पक्के माप नसते तेथे मनुष्य आपली योग्यता इतरांवरून ठरवितो, आणि तीही आपल्यासारख्याच माणसांवरून. एखाद्या कोट्यधीशाचे वैभव पाहून आपली झोप उडत नाही; बाकावरच्या सोबत्याचे पाहून उडते. आयुष्यातील यशास फूटपट्टी नाही, म्हणून ही खोड कोणासही सुटलेली नाही.

परंतु या खोडीच्या भरीस एक गणितही आहे, आणि ते विद्यार्थ्यांनी अवश्य समजून घ्यावे. पाच मुले कल्पा. त्यांतील एकाची इतर चौघांशी मैत्री आहे. त्या चौघांची मात्र आपसांत ओळख नाही. आता प्रत्येकास विचारा, "तुझ्या मित्राला तुझ्यापेक्षा मित्र अधिक की कमी?" चौघे म्हणतील, "अधिक." एकटा म्हणेल, "कमी." चौघांपैकी कोणीही खोटे बोलला नाही, आणि तरी पाचांतील चौघांची समजूत अशी झाली की आपणच मागे! ज्याच्या ओळखी फार, तोच फार जणांच्या यादीत सापडतो, एवढेच यातील रहस्य. स्कॉट फेल्ड या समाजशास्त्रज्ञाने १९९१ साली हे दाखवून दिले. पुढे २०१४ साली, एकत्र निबंध लिहिणाऱ्या शास्त्रज्ञांच्या जाळ्यातही हाच प्रकार आढळला; सरासरीने पाहता सहकाऱ्यांची कीर्ती स्वतःच्या कीर्तीहून मोठीच भरली. अर्थात मोबाईलच्या पडद्यावर जे मित्रमंडळ दिसते ते मुळातच वर्गाचा नमुना नव्हे. त्यात ज्यास सांगण्याजोगे काही घडले तोच बोलतो. नोकरीचा नकार आलेला गप्प बसतो. शिवाय ज्या मजकुरास अधिक लोक प्रतिसाद देतात तो अधिकांस दाखवावा, अशी यंत्राची रचना. तीन चाळण्यांतून गाळून आलेले हे जग, आणि त्याच्याशी आपण ताडून पाहतो ते मात्र आपले न गाळलेले आयुष्य.

२०१९ साली इन्स्टाग्रामने प्रथम कॅनडात व मग इतर काही देशांत पसंतीचे आकडे झाकून पाहिले. २०२१ साली ते झाकण्याची मुभा सर्वांसच दिली. मुभा चांगली आहे. पण आकडा झाकला तरी विमानतळावरील छायाचित्र उरतेच.

ज्यांच्याकडे पाहून आपण झुरतो ते तरी निःशंक असतात काय? पॉलिन क्लान्स व सुझॅन आइम्स या दोन विदुषींनी १९७८ साली कर्तबगार स्त्रियांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. पदव्या व मानमरातब मिळवूनही यांतील कित्येकींस वाटे की, आपली खरी लायकी नाही, लोक फसले आहेत, आणि एक दिवस हे उघडकीस येईल. कॅनडातील त्या दोघांच्या मनात काय चालते हे ठाण्याच्या मुलास कसे कळावे?

योहानाच्या शुभवर्तमानाच्या अखेरच्या अध्यायात, तिबिर्य समुद्राच्या काठी, पेत्रास त्याचे काम नेमून देण्यात येते. ते ऐकतो न ऐकतो तोच तो मागे वळतो, दुसऱ्या शिष्याकडे पाहतो आणि याचे पुढे काय, म्हणून विचारतो. (पेत्रापाशी मोबाईल नव्हता, तरी मान वळलीच!) त्यास त्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, त्याच्या स्वतःच्या कामाचीच पुन्हा आठवण करून दिली जाते.

आमच्या महाराष्ट्रीय ख्रिस्ती मंडळीत याचे जे उदाहरण आम्हांस सर्वांत प्रिय आहे ते लक्ष्मीबाई टिळकांचे. त्यांचा जन्म १८६८ सालचा. शाळेचे शिक्षण नाही. लिहिणेवाचणे झाले ते लग्नानंतर, संसाराच्या रगाड्यात. पती रेव्हरंड नारायण वामन टिळक, महाराष्ट्रभर गाजलेले कवी. तुलनेने खचून जावयाचे तर असे घर शोधून सापडणार नाही. १९१९ साली टिळक वारले. त्यांनी अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' पुरे करण्याचे काम या बाईंनी हाती घेतले व तडीस नेले. 'स्मृतिचित्रे' लिहावयास घेतली ती, चिरंजीव देवदत्तांस पित्याच्या चरित्रासाठी साहित्य मिळावे म्हणून. पहिला भाग १९३४ साली निघाला, तेव्हा लेखिकेचे वय सहासष्ट होते. विशी ओलांडताच 'आता उशीर झाला' म्हणणाऱ्या मुलांस आम्ही हे पुस्तक वाचावयास देतो. बहुतेक जण हसत हसत परत आणून देतात, कारण बाईंचा विनोदच तसा आहे.

राहता राहिले पालक. मोबाईल काढून घेतल्याने हा प्रश्न सुटेल असे ज्यांस वाटते, त्यांनी जेवणाच्या वेळी आपण स्वतः काय बोलतो तेही एकदा ऐकावे. शेजारच्या मुलीचे गुण, मावसभावाचे पगाराचे पॅकेज, हे वर्तमान मुलांस इन्स्टाग्रामच्या आधी आपणच पुरवीत असतो. निकालाच्या दिवशी गुणपत्रिकेचे छायाचित्र नातलगांच्या व्हॉट्सॲप समूहावर धाडण्यापूर्वी मुलास विचारावे, एवढीच आमची विनंती. मंडळाच्या गुणपत्रिकेवर विषयवार गुण असतात, एकूण बेरीज असते, शेकडा प्रमाणही असते. वर्गात कितवा, हा रकाना तीवर नाही.