आजारी न पडलेल्या बाळांची लस

नोव्हेंबर २०२५मध्ये केंद्र सरकारने संशोधन, विकास आणि नवोन्मेषासाठी एक लाख कोटी रुपयांची योजना खुली केली. ऊर्जा, हवामान, आरोग्य, जैवतंत्रज्ञान अशा देशापुढच्या मोठ्या प्रश्नांवर काम करणाऱ्या कंपन्यांना यातून अल्प व्याजाची दीर्घ मुदतीची कर्जे आणि भांडवल मिळेल. आपल्याकडे संशोधनावर होणारा एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या ०.६४ टक्के आहे, त्यामुळे या रकमेचे स्वागतच करायला हवे. मी थबकलो ते योजनेतल्या एका अटीपाशी. तंत्रज्ञान सिद्धतेच्या शिडीवर किमान चौथ्या पायरीला पोचलेले हवे. नऊ पायऱ्यांची ही शिडी नासाच्या कामातून आली आहे, आणि चौथी पायरी म्हणजे कल्पना प्रयोगशाळेत चालून दाखवलेली असणे.

मग पहिल्या तीन पायऱ्यांवर काय घडत असते? त्याचे उत्तर द्यायला रोटाव्हायरसच्या भारतीय लसीइतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

१९८०च्या दशकाच्या मध्यावर दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये महाराज किशन भान नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. लहान मुलांचे जुलाब हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. नवजात बाळांच्या कक्षातले शीचे नमुने तपासताना त्यांना आणि सहकाऱ्यांना रोटाव्हायरस सापडला. यात नवल नव्हते, कारण पाच वर्षांची होईपर्यंत जगातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला हा विषाणू एकदा तरी गाठतो. नवल होते ते बाळांचे. ती ठणठणीत होती. दूध ओढत होती आणि त्यांना जुलाब नव्हते. ज्या विषाणूने बाळाची टाळू खोल जाते, डोळे आत जातात, दोन दिवसांत पोर हातचे जाते, तो या बाळांच्या आतड्यात नुसता राहून जात होता.

रोग नाही म्हटल्यावर तिथेच नोंद बंद करता आली असती. भान यांच्या गटाने ती बंद केली नाही. ही बाळे घरी गेल्यावरही त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले. जन्मतःच या विषाणूची लागण झालेल्या मुलांना पुढे रोटाव्हायरसच्या जुलाबांपासून संरक्षण मिळते, हा निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाला. निसर्गाने त्यांना लस टोचून ठेवली होती, असेच म्हणायला हवे. या विषाणूच्या वाणाला ११६-ई हे नाव मिळाले.

तो इतका सौम्य का, याचा एक धागा त्याच्या जनुकांत सापडतो आणि हा भाग मला विलक्षण वाटतो. रोटाव्हायरसची जनुके एका सलग धाग्यात नसतात, ती आरएनएच्या अकरा सुट्या तुकड्यांत असतात. दोन वेगळे रोटाव्हायरस एकाच पेशीत शिरले, तर पत्त्यांचे दोन कॅट एकत्र पिसल्यासारखे होते: बाहेर पडणाऱ्या नव्या विषाणूच्या हातात काही पाने याची, काही त्याची. ११६-ई हा मूळचा माणसाचाच विषाणू, पण त्यातले एक पान गाईच्या रोटाव्हायरसचे आहे. कुठल्या तरी गोठ्याजवळ, कुठल्या तरी आतड्यात ही पिसाई कधी झाली, ते कुणीही पाहिलेले नाही. जेन्नरने देवीच्या लसीसाठी गाईकडे धाव घेतली होती, इथे गाईचे जनुक आपण होऊन चालत आले.

११६-ई हाती लागला तेव्हा खुद्द रोटाव्हायरस माणसात सापडून पुरती पंधरा वर्षेही झाली नव्हती. १९७३ साली मेलबर्नच्या रॉयल चिल्ड्रन्स रुग्णालयात रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाब झालेल्या मुलांच्या लहान आतड्याचे तुकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली पाहिले आणि चाकासारखे दिसणारे कण त्यांना आढळले. त्याआधी मुलांच्या बहुतेक जुलाबांचे कारण डॉक्टरांना सांगता येत नव्हते. बिशप यांचे नाव आपल्याकडे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच ठाऊक असते, याची मला खंत वाटते.

आता पैशाकडे येऊ. १९८७ साली भारत आणि अमेरिका यांच्यात लसींविषयीचा संयुक्त कार्यक्रम ठरला. आपल्या बाजूने जैवतंत्रज्ञान विभागाने आणि पलीकडून अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने त्यात पैसा घातला. दिल्लीच्या ११६-ईबरोबर बंगळूरचाही एक वाण या कार्यक्रमात होता. भारतीय विज्ञान संस्थेतल्या सी. दुर्गा राव यांच्या गटाने त्यावर काम केले होते. त्यातली बरीचशी जनुके गाईच्या विषाणूची होती. दोन्ही वाण तपासले गेले आणि ११६-ईने अधिक मुलांत प्रतिकारशक्ती जागवली. हे सारे होईपर्यंत जवळपास वीस वर्षे गेली. या काळात सरकारे बदलली, सचिव बदलले, पण कार्यक्रम बंद पडला नाही. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. दर तीन वर्षांनी ‘निष्पत्ती काय?’ असे विचारणारा अनुदानदाता असता, तर ११६-ई शीतकपाटातच राहिला असता.

मध्येच अमेरिकेत एक धक्का बसला. ऑगस्ट १९९८मध्ये मंजुरी मिळालेली ‘रोटाशील्ड’ ही पहिली रोटाव्हायरस लस ऑक्टोबर १९९९मध्ये मागे घेतली गेली. सुमारे दहा हजार बाळांत एकाला आतड्यात आतडे शिरून अडथळा होण्याचा धोका तिच्यामुळे दिसला होता. जिथे रोटाव्हायरसने मुले क्वचित मरतात, तिथे हा निर्णय बरोबरच होता. भारतात मात्र या विषाणूने पाच वर्षांखालची सुमारे ७८ हजार मुले दरवर्षी जात होती, असा पुढे अंदाज निघाला. इथला हिशेब वेगळा होता, पण अमेरिकेने नाकारलेली लस आपल्या बाळांना द्या, असे कुठला आरोग्यमंत्री म्हणणार? त्या धक्क्यानंतर आलेल्या दोन मोठ्या परदेशी लसींच्या चाचण्या प्रत्येकी साठ हजारांहून अधिक बाळांवर झाल्या. त्या लसींची किंमतही तशीच होती.

२००५पासून आयसीएमआरच्या देखरेख जाळ्याने देशातल्या रुग्णालयांत जुलाबांसाठी दाखल झालेल्या मुलांचे नमुने तपासले. पहिल्या दोन वर्षांत सुमारे ३९ टक्के मुलांत रोटाव्हायरस निघाला. असे मोजमाप वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर कधीच येत नाही. पण ते नसते, तर लसीवर सरकारी पैसा का घालावा, हे अर्थ खात्याला पटवता आले नसते.

लस बनवण्याची जबाबदारी हैदराबादच्या भारत बायोटेकने घेतली आणि डोसमागे एक डॉलर एवढीच किंमत ठेवण्याचे कबूल केले. तिसऱ्या टप्प्याची चाचणी २०११मध्ये सुरू झाली. दिल्ली, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातले वढू या तीन ठिकाणी मिळून ६,७९९ बाळे तीत होती. वढूची निवड सहज झालेली नव्हती. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या बानू कोयाजी यांनी १९७०च्या दशकात तिथे ग्रामीण आरोग्याचे काम उभे केले होते. गावातल्या बायकांना शिकवून आरोग्यसेविका करणे हा त्याचा पाया होता. पुढे २००२पासून परिसरातल्या गावांत घरोघरच्या जन्म-मृत्यूंची नियमित नोंद ठेवली जाऊ लागली. कुणाच्या घरी बाळ जन्मले, ते आता कुठे आहे, त्याला जुलाब लागले का, हे विचारायला दारात येणारी बाई ओळखीची असल्याशिवाय कुठली आई सहा आठवड्यांचे लेकरू चाचणीसाठी पुढे करील? वढूच्या त्या नोंदींना शिडीवर कुठलीच पायरी नाही. त्यांच्यावर कर्ज काढता येत नाही, कारण त्या कधी कर्ज फेडणार नाहीत. आणि त्यांच्याशिवाय ही चाचणी उभी राहिली नसती.

भान २००४ ते २०१२ या काळात जैवतंत्रज्ञान विभागाचे सचिव होते. नवउद्योगांना हात देणारी ‘बायरॅक’ ही सरकारी संस्थाही त्यांच्याच काळात उभी राहिली. म्हणजे उद्योगाला सार्वजनिक पैसा द्यायला त्यांचा विरोध नव्हता, ती वाट तयार करणाऱ्यांपैकीच ते एक होते. २६ जानेवारी २०२० रोजी ते गेले. लसीची बातमी येते तेव्हा कंपनीचे नाव येते, मंत्र्यांचा फोटो येतो. नवजात कक्षातल्या त्या निरोगी बाळांकडे पुन्हा वळून पाहणाऱ्या डॉक्टरचे नाव फार थोड्या वेळा येते. ‘संपूर्ण स्वदेशी’ हे बिरुदही मला अपुरे वाटते. विषाणू, शास्त्रज्ञ, कारखाना आणि मुले आपली होती, पण चाचणीच्या खर्चात गेट्स प्रतिष्ठान, नॉर्वेची संशोधन परिषद आणि ब्रिटनचे विकास खाते यांचाही वाटा होता. हे सांगितल्याने लसीचे श्रेय कणभरही कमी होत नाही.

२०१६मध्ये चार राज्यांपासून ही लस राष्ट्रीय लसीकरणात आली आणि २०१९पर्यंत रोटाव्हायरसची लस देशभर पोचली. तोपर्यंत पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची रोटाव्हायरस लसही तयार झाली होती. पण सात हजारांच्या आतल्या चाचणीत दहा हजारांत एक असा धोका दिसणे शक्यच नव्हते. आक्षेप घेणाऱ्यांचा हा मुद्दा रास्त होता. म्हणून लस सुरू झाल्यावरही रुग्णालयांतून आतड्याच्या अडथळ्याची प्रकरणे गोळा केली गेली, आणि लसीमुळे धोका वाढत नसल्याचे २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले. तपासणीचा हा खर्चही सार्वजनिक पैशातूनच यायला हवा. आपल्याच मालावर शंका घेण्यासाठी कंपनीने पैसे घालावेत, ही अपेक्षा धरून कुठला देश निश्चिंत राहू शकत नाही.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. बाळाच्या पहिल्या वर्षात या लसीने गंभीर आजारापासून सुमारे ५६ टक्के संरक्षण दिले. श्रीमंत देशांत तोंडावाटे द्यायच्या रोटाव्हायरस लसी याहून कितीतरी अधिक संरक्षण देतात, आणि त्याच लसी आशिया-आफ्रिकेच्या गरीब भागांत आल्या की तेवढ्या चालत नाहीत. म्हणजे दोष एकट्या आपल्या लसीचा नाही. मेक्सिकोतल्या मुलांत दोन नैसर्गिक लागणींनंतर गंभीर जुलाब होतच नाहीत, असे १९९६मध्ये दिसले होते. वेल्लोरच्या मुलांत तीन लागणींनंतरही संरक्षण ७९ टक्क्यांवरच थांबले. आईच्या दुधातून मिळणारी प्रतिपिंडे, आतड्याला सतत येणारी सूज, तिथे वस्ती करून असलेले जिवाणू, आणि पाण्यातून व हातांतून फार लवकर होणाऱ्या लागणी, अशी कारणे सुचवली गेली आहेत, पण कुठल्या कारणाचा वाटा किती, हे ठरलेले नाही. ते शोधायला वस्तीतली शेकडो बाळे जन्मापासून दोन-तीन वर्षे पाहावी लागतील. आजारी पडतील तेव्हाच नव्हे, दर पंधरवड्याला त्यांचे नमुने घ्यावे लागतील. या कामातून विकायला काही निघेल की नाही, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. एक लाख कोटींची योजना या कामासाठी नाही. यासाठी जैवतंत्रज्ञान विभाग आणि आयसीएमआर यांची साधी, न फेडायची अनुदाने वाढायला हवीत, आणि ती तीन वर्षांची नव्हे, निदान दहा वर्षांची हवीत.