जुनी मोटार व खारे पाणी

मारुती ८०० ही लहान मोटार १९८३ साली निघाली व २०१४ साली तिची घडण थांबली. परंतु जुनी घेतलेली ही गाडी अद्यापि कित्येक कुटुंबांच्या उपयोगी पडते. ती भरवशाची निघेल की नाही, हे आमच्या मते तिच्या वयापेक्षा पूर्वीच्या मालकाच्या निगेवर अधिक अवलंबून असते. आमच्या शेगाव तालुक्याचा बराच भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मोडतो. विहिरीचे खारे पाणी रेडिएटरमध्ये घातल्यास नळ्यांत क्षार साचतात, गंज चढतो व वैशाखाच्या उन्हात इंजिन फाजील तापते. म्हणून पालकांनी साठविलेली पुंजी मोजण्यापूर्वी, इंजिन थंड असतानाच, रेडिएटरचे झाकण काढून पाहावे. आतील पाणी गंजकट व गढूळ दिसल्यास बाहेरील रंगाच्या तकाकीस भुलू नये. मनुष्याप्रमाणेच यंत्राचीही पारख अंतरंगावरून करावी, हे विद्यार्थ्यांनीही ध्यानी धरावे.