आधी सुई, मग सुरी

स्तनात गाठ लागली की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं: "दुखत नाही ना? मग राहू दे." कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच. दुसरं वाक्य त्याहून महागात पडतं: "काढून टाका एकदाची."

निदानाचे पाय तीन: हाताने तपासणी, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, आणि बायोप्सी. हाताच्या तपासणीला कमी लेखू नये. टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास केला. दहावी शिकलेल्या मुलींना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी हाताने तपासणी करवून घेतली. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या रोगाचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र तसा फरक दिसला नाही. तरुण वयात स्तन घट्ट असल्याने मॅमोग्राफीतही गाठ लपते. तिथे सोनोग्राफी कामाला येते.

पण चित्र म्हणजे संशयच. निकाल देते ती बायोप्सीची सुई. जागा बधिर करतात, स्प्रिंगची सुई 'खट्ट' वाजते आणि शेवईच्या तुकड्यांसारखे चार-पाच धागे फॉर्मलिनच्या बाटलीत पडतात. सुई टोचल्याने रोग पसरून आयुष्य घटतं, ही भीती निराधार आहे. गाठ घाईने कापली तर मात्र खरं नुकसान होतं. मूळ आकार नीट कळत नाही, कडेला पेशी उरल्या का याची शंका राहते आणि दुसरं ऑपरेशन कपाळी येतं. शिवाय आधी केमो देऊन गाठ लहान करायची, औषध लागू पडतंय का ते बघायचं, ही संधी हुकते. बघायला गाठच उरलेली नसते.

त्या धाग्यांवरच ईआर, पीआर आणि हर-टू या तपासण्या होतात. पहिल्या दोन सांगतात, हार्मोनच्या गोळ्या चालतील का. हर-टू या प्रथिनाचा आकडा 3 आला तर पॉझिटिव्ह, 0 किंवा 1 आला तर निगेटिव्ह. 2 आला तर 'फिश' नावाची पुढची तपासणी करावी लागते.

मग स्टेज. गाठ 2 सेंटिमीटरपर्यंत, 5 पर्यंत की त्याहून मोठी. काखेतल्या गाठींत रोग आहे का. हाडं, फुप्फुस, यकृतापर्यंत गेला का. रोग छातीच्या भिंतीत किंवा कातडीत शिरला असेल तर आकार कितीही असो, पायरी वरचीच. 2018 पासून अमेरिकी पद्धतीत ईआर, पीआर, हर-टू आणि ग्रेडही, म्हणजे पेशी किती बिघडल्यात तेही, धरतात, त्यामुळे सारख्याच आकाराच्या गाठी असलेल्या दोघींची स्टेज वेगळी निघू शकते. गाठ लहान, काख स्वच्छ आणि कसलाच त्रास नसेल तर पेट स्कॅनची बहुधा गरज नसते. तरी तो सर्रास लिहून दिला जातो, हे मला पटत नाही.

या सगळ्याला दोन-तीन आठवडे लागतात, आणि ते वाया जात नाहीत. बायोप्सीचा रिपोर्ट हाती आल्याशिवाय गाठ कापायला होकार देऊ नका. दुसरं मत घ्यायला निघालात तर फाइलसोबत बायोप्सीच्या तुकड्यांच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉकही मागून घ्या. मोठ्या रुग्णालयात ते पुन्हा तपासून बघतात.