फुटबॉलचा वस्ताद कसा निवडावा?

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम संपला की पेठापेठांच्या कट्ट्यांवर एकच चर्चा सुरू होते. यंदा कोण राहणार, कोण जाणार? पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ, संघ कोणताही असो. वर्ष वाईट गेले की पहिले बोट प्रशिक्षकाकडे वळते. महाविद्यालयांच्या संघांचेही तेच. विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धेत सलग दोन वर्षे पहिल्याच फेरीत गाशा गुंडाळावा लागला, की तिसऱ्या वर्षी क्रीडा समितीची बैठक बसते आणि ठराव होतो, ‘नवीन प्रशिक्षक नेमावा.’

हा नवा प्रशिक्षक निवडायचा कसा, याविषयी आज थोडे बोलायचे आहे. प्रश्न वरवर खेळापुरता दिसतो. परंतु महाविद्यालयातल्या मुलाच्या हाती खेळण्याची तीन, फार तर पाच वर्षे असतात. त्यातली दोन प्रशिक्षकांच्या अदलाबदलीत गेली, तर ती त्याला कोणी परत देत नाही.

प्रथम हे पाहू की, संघ हरला की प्रशिक्षकच का जातो? कारण सोपे आहे. वीस-बावीस खेळाडू एका दिवसात बदलता येत नाहीत. मैदान बदलता येत नाही. समिती स्वतःला बदलत नाही. बदलता येतो तो एकच माणूस. शिवाय त्याला बदलले की आपण काहीतरी केले, असे सर्वांना वाटते.

ही रीत सर्वांत मोठ्या प्रमाणावर दिसते ती अमेरिकेत. तिथला ‘कॉलेज फुटबॉल’ म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. तो लांबट चेंडूचा, शिरस्त्राण घालून खेळायचा वेगळाच खेळ. पण तिथे विद्यापीठांच्या सामन्यांना लाखभर प्रेक्षक जमतात आणि अनेक राज्यांत सरकारी तिजोरीतून सर्वाधिक पगार घेणारा माणूस म्हणजे विद्यापीठाचा प्रशिक्षक असतो. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने जिम्बो फिशर या प्रशिक्षकाला करार संपण्यापूर्वीच घरी पाठवले. त्यापोटी विद्यापीठाने मान्य केलेली रक्कम होती साडेसात कोटी डॉलरहून अधिक, म्हणजे आपल्या हिशेबाने सहाशे कोटी रुपयांच्या वर. प्रशिक्षक नकोसा झाला म्हणून एवढे पैसे!

मग इतका खर्च करून संघ सुधारतो का? अ‍ॅडलर, बेरी आणि डोहर्टी या तीन अमेरिकी अभ्यासकांनी हाच प्रश्न धसाला लावला. १९९७ ते २०१० या काळातल्या महाविद्यालयीन संघांची कामगिरी त्यांनी तपासली. ज्यांनी प्रशिक्षक बदलला असे संघ एका बाजूला आणि तितकीच वाईट कामगिरी असूनही ज्यांनी जुनाच प्रशिक्षक ठेवला असे संघ दुसऱ्या बाजूला, अशी तुलना केली. निष्कर्ष विचार करायला लावणारा होता. अगदी तळाच्या संघांना नव्या प्रशिक्षकाने फारसा फरक पडला नाही. आणि मधल्या फळीतल्या संघांचे बदलानंतर उलट नुकसानच झाले.

असे का व्हावे? आपण घरातले उदाहरण घेऊ. मुलाला ताप येतो. दोन दिवस एका डॉक्टरचे औषध होते, ताप उतरत नाही. तिसऱ्या दिवशी आपण दुसऱ्या डॉक्टरकडे जातो आणि संध्याकाळी ताप उतरतो. साधा ताप बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरणारच असतो. पण यश मिळते दुसऱ्या डॉक्टरला. संघाचेही तसेच आहे. वाईट वर्षात थोडा भाग कमकुवतपणाचा असतो, तर थोडा निव्वळ दुर्दैवाचा. गोलरक्षकाचे बोट मोडते, ऐन सामन्याच्या दिवशी परीक्षा येते, चेंडू खांबाला लागून बाहेर जातो. पुढच्या वर्षी हे सगळे पुन्हा एकदम घडत नाही, म्हणून संघ थोडा वर येतो. जुना प्रशिक्षक असता तरी तो आला असता.

म्हणजे प्रशिक्षकाला काहीच महत्त्व नाही का? तसे मुळीच नाही. आपल्याच राज्यातले उदाहरण आहे. खालिद जमील हे २००९ पासून सात वर्षे मुंबई एफसी या क्लबचे प्रशिक्षक होते. क्लब मोठ्या पैशांचा नव्हता. अजिंक्यपद कधी मिळाले नाही, पण आय लीगमधून संघ कधी खालीही घसरला नाही. २०१६ मध्ये खालिद आणि क्लब यांची वाट वेगळी झाली. पुढच्याच हंगामात मुंबई एफसी शेवटच्या क्रमांकावर गेली आणि लीगबाहेर पडली. खालिद मात्र मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे गेले. हा संघ आदल्या वर्षी खालच्या गटात ढकलला गेला होता आणि काही क्लबांनी माघार घेतल्यामुळेच त्याला पुन्हा प्रवेश मिळाला होता. ३० एप्रिल २०१७ रोजी तोच ऐझॉल संघ आय लीगचा विजेता ठरला! सात वर्षे संघ तगवून धरणे हेही कर्तृत्वच असते. पण ते गुणतक्त्यात दिसत नाही. माणूस गेल्यावर दिसते.

हेच खालिद जमील ऑगस्ट २०२५ मध्ये भारताचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या हाताखाली संघाने काफा नेशन्स चषकात ओमानला हरवून तिसरा क्रमांक मिळवला. पण ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून १-२ अशी हार झाली आणि २०२७ च्या आशियाई चषकाचे दार बंद झाले. त्यांच्या आधीच्या दोन पात्रता सामन्यांत मिळून भारताच्या खात्यात एकच गुण होता. चांगला माणूस आणला म्हणून दोन महिन्यांत आधीची तूट भरून निघत नाही, एवढाच याचा अर्थ.

धीर धरल्याने काय होते, हे पाहायचे तर थोडे मागे जावे लागेल. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे हरवले. आपले बहुतेक खेळाडू त्या थंडीत अनवाणी खेळत होते. प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शिक्षक. एवढ्या पराभवानंतर आजच्या कोणत्याही समितीने त्यांना ठेवले असते का? पण १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला, तेव्हाही प्रशिक्षक रहीमच होते. १९६२ मध्ये जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून भारताने सुवर्णपदक जिंकले, तेव्हाही तेच होते. त्या सामन्यात त्यांनी डोक्याला टाके पडलेल्या जर्नेलसिंग या बचावपटूला आघाडीला खेळवले आणि त्याने गोल केला. आपल्या मुलांना वर्षानुवर्षे ओळखणारा माणूसच असा निर्णय घेऊ शकतो.

त्याच जाकार्तात आपल्या कोल्हापूरच्या मातीत घडलेले गणपतराव आंदळकर यांनी कुस्तीत सुवर्ण आणि रौप्यपदक मिळवले होते. पुढे वस्ताद म्हणून त्यांनी मल्लांच्या पिढ्या घडवल्या. आंदळकरांचे नाव मी मुद्दाम घेतो आहे. कारण प्रशिक्षक कसा असावा आणि त्याला कसे वागवावे, हे शिकायला कोल्हापूरकरांना अमेरिकेत जाण्याची गरज नाही. आपल्या फुटबॉल संघांच्या नावातच ‘तालीम’ आहे.

तालमीतला वस्ताद काय करतो? नवा पोरगा आला की त्याला लगेच मैदानात उतरवत नाही. आधी आखाडा खणायला लावतो, जोर-बैठका काढून घेतो, खुराक ठरवतो. कोणत्या मैदानात कोणाशी जोड लावायची, हेही वस्तादच सांगतो. पोराचा बाप किंवा गल्लीतला पुढारी नव्हे. आणि पठ्ठ्या एक कुस्ती हरला म्हणून कोणी वस्ताद बदलत नाही. फुटबॉलने तालमीचे नाव घेतले, ईर्षा घेतली. वस्तादाचा हा अधिकार मात्र बऱ्याच ठिकाणी मागे राहिला. संघ निवडणारे वेगळे, बाहेरचा खेळाडू आणणारे वेगळे आणि हरल्यावर जबाबदार मात्र प्रशिक्षक!

महाविद्यालयात तर परिस्थिती आणखी अवघड. शारीरिक शिक्षण संचालक एकटा. त्याच्याकडे कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत सगळे खेळ. फुटबॉलसाठी मानधनावर कोणीतरी बोलावला जातो, तोही स्पर्धा महिन्यावर आली की. स्पर्धा बहुधा बाद पद्धतीची. म्हणजे वर्षभराची परीक्षा एकाच सामन्यात.

मी अनेक वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले. एकदा एका महाविद्यालयाच्या निवड समितीत बसण्याचा योग आला. चार उमेदवार होते. समितीने प्रत्येकाला विचारले, ‘तुम्ही कोणत्या संघातून खेळलात? किती गोल केलेत?’ सराव कसा घेता, हे विचारायचे कोणाच्या मनात आले नाही. त्यातल्या एका उमेदवाराने मात्र समितीलाच उलट विचारले, ‘सर, सरावाला चेंडू किती आहेत?’ सगळे हसले. चेंडू तीन होते. बावीस मुले आणि तीन चेंडू, म्हणजे एकोणीस मुले उभी! माझ्या मते त्या दिवशीचा सर्वांत शहाणा प्रश्न तोच होता. निवड मात्र नावाजलेल्या खेळाडूची झाली आणि तो पुढच्या वर्षी सोडून गेला. उत्तम खेळणे आणि उत्तम शिकवणे या दोन वेगळ्या विद्या आहेत.

मग काय पाहावे? पहिली गोष्ट, उमेदवाराची मुलाखत खोलीत घेऊ नका, मैदानावर घ्या. त्याला पंधरा मुले द्या आणि तासभर सराव घ्यायला सांगा. किती मुले किती वेळ उभी राहतात, तो चूक दाखवतो की नुसता ओरडतो, सर्वांत कच्च्या मुलाशी कसा बोलतो, हे तासाभरात कळते.

दुसरी गोष्ट, त्याचे शिक्षण. आपल्या अखिल भारतीय महासंघाचा ‘डी’ आणि त्यावर आशियाई महासंघाचे ‘सी’, ‘बी’, ‘ए’ व ‘प्रो’ असे परवाने असतात. परवान्याने कोणी वस्ताद होत नाही, हे खरे. पण दुखापत, व्यायामाचे प्रमाण, वयानुसार सराव यांची शास्त्रीय माहिती त्यातून मिळते, आणि मुलांचे गुडघे आपल्या हाती सोपवताना एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

तिसरी गोष्ट, त्याचे जुने विद्यार्थी. त्याने जिंकलेले चषक मोजण्यापेक्षा, त्याच्याकडे शिकलेली मुले चार-पाच वर्षांनी काय करतात ते विचारा. ती अजून खेळतात का? त्याच्याविषयी आदराने बोलतात का? आपल्या अनिकेत जाधवने २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या संघातून खेळून कोल्हापूरचे नाव जगापुढे नेले. अशा मुलामागे विश्वचषकाच्या प्रशिक्षकाइतकेच त्याला लहानपणी चेंडू थांबवायला शिकवणारेही असतात. त्यांची नावे वर्तमानपत्रात येत नाहीत. समितीने शोधायची ती अशीच माणसे.

चौथी गोष्ट समितीने स्वतःला विचारायची आहे. आपण त्याला काय देणार? मैदान आठवड्यातून किती दिवस? संघ निवडण्याचा अधिकार त्याचा एकट्याचा की शिफारशींचा? मानधन वेळेवर मिळेल का? आणि मुदत किती? माझ्या मते तीन वर्षांपेक्षा कमी मुदत देऊ नये, कारण पहिल्या वर्षी घेतलेली मुले तिसऱ्या वर्षी तयार होतात. हे सारे कागदावर असावे. पहिल्या वर्षी जिंकण्याची अट घालू नका. त्याऐवजी शेवटच्या वीस मिनिटांत संघ दमतो का, आपल्यावर होणारे गोल कमी झाले का, किती नवीन मुले खेळली, हे पाहा.

याचा अर्थ प्रशिक्षकाला कधी काढूच नये, असा नव्हे. तो मुलांवर हात टाकत असेल, दुखापत झालेल्याला जबरदस्तीने खेळवत असेल, सरावाला येत नसेल, निवडीत वशिला चालवत असेल, तर तीन वर्षे सोडाच, तीन दिवसही थांबू नये. संघ जिंकत असला तरी! हरणे हा गुन्हा नाही, मुलांचे नुकसान करणे हा आहे. आपल्याकडे नेमके उलटे होते. हरणारा जातो आणि जिंकणाऱ्याला सगळे माफ असते.

तेव्हा महाविद्यालयांचे नवे वर्ष जूनमध्ये सुरू होईल, तेव्हा क्रीडा समितीच्या सभासदांनी अर्ज उघडण्यापूर्वी एकदा चेंडू मोजावेत, मैदानाचे वेळापत्रक पाहावे, आणि गेल्या पाच वर्षांत आपण किती प्रशिक्षक बदलले ते लिहून काढावे. तो आकडा तीन किंवा अधिक असेल, तर दोष बहुधा मैदानाबाहेर आहे. तो आधी दूर करावा. मग येणाऱ्याला निदान काम करायला जागा मिळेल.