कोळशाच्या थरातले पान

भिलाईच्या हुडको वसाहतीतल्या मुलांना पोलादाचा कारखाना नवा नाही. तेथील पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. भट्टीला लागणारा कोक करण्यासाठी देशी कोळशात ऑस्ट्रेलियातून बोटीने आलेला कोळसाही मिसळतात. समुद्राच्या अलीकडचे आणि पलीकडचे हे दोन्ही कोळसे मुळात एकाच प्रकारच्या अरण्याचे आहेत, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या अरण्यातले मुख्य झाड म्हणजे ग्लोसोप्टेरिस. कोळशालगतच्या पाटीसारख्या दगडावर त्याच्या पानांचे ठसे सापडतात. आकार जिभेसारखा, मधोमध ठळक शीर आणि दोन्ही बाजूंना शिरांची जाळी. १८२८ साली फ्रेंच शास्त्रज्ञ ब्राँयार यांनी त्याला नेचा समजून हे नाव दिले. पुढे ते बी धरणारे झाड ठरले. नागपूर परिसरातले असे ठसे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी जमवले होते. इंग्लंडमध्ये चार्ल्स बनबरी यांनी १८६१ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले.

हेच पान दक्षिण आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियातही सापडले. एवढे समुद्र ते कसे ओलांडून गेले? वाऱ्याबरोबर बी इतक्या दूर जाणे अवघडच. दक्षिण ध्रुवावरून परतताना १९१२ साली कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे साथीदार बर्फात मरण पावले. त्यांच्या सामानात सुमारे १६ किलो दगड होते. जीव जाण्याची वेळ आली तरी त्यांनी ते टाकले नव्हते. त्या दगडांतही ग्लोसोप्टेरिसचे ठसे निघाले!

म्हणजे झाडाने समुद्र ओलांडलाच नव्हता. तेव्हा मध्ये समुद्रच नव्हता. हे सारे भूभाग एकमेकांना जोडलेले होते. पुढे ते अलग झाले आणि भारत उत्तरेकडे सरकत आशियाला येऊन भिडला. त्या जुन्या महाखंडाला शास्त्रज्ञांनी नाव दिले ते आपल्याच गोंडांच्या मुलखावरून: गोंडवन.

कोळसा भट्टीत जळून जातो, ठशांचे दगड खाणीबाहेरच्या ढिगाऱ्यात पडतात. त्यातला एखादा उचलून नीट पाहिला, तर त्यावर पृथ्वीच्या जुन्या नकाशाचा पुरावा उमटलेला असू शकतो.