ट्रॅक्टर ओढेल, पण थांबेल का?

गळीत हंगाम तोंडावर आला की सभासद बंधूंची एकच विचारणा: "साहेब, किती हॉर्सपॉवरचा घ्यावा?" ट्रॉलीचे कोणी विचारीत नाही.

परवा दोघा सभासदांसोबत आम्ही नागपूरला लकडगंजात गेलो होतो, ट्रॉलीच्या फळ्या बघायला. आरामशिनीच्या घरघरीत तासभर सागाचा भाव चालला. ब्रेकचा शब्द निघाला नाही!

भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरपेक्षा जड असते. उतारावर ट्रॅक्टर थांबू पाहतो, ट्रॉली मागून रेटते आणि दोन्ही कात्रीसारखी मुडपतात. म्हणून ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक पाहिजेच. रस्त्यावर निघताना ट्रॅक्टरची डावी-उजवी ब्रेक पेडले खिटीने जोडावीत. एकच दाबले गेले तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो.

दोन चाकी ट्रॉलीचे गणित बैलगाडीचेच. ऊस मागे जास्त झाला की ती उलार होते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते. पुढे जास्त झाला तर दांडीवर दाब येऊन ट्रॅक्टरचे तोंड उचलते, स्टिअरिंग लागत नाही. वाडवडील गाडी भरताना तोल बघत. आपण मात्र मावेल तेवढा रचतो. आणि ट्रॉली खालच्या हुकालाच जोडावी. वर टॉपलिंकच्या जागी जोडून ओढले तर ट्रॅक्टर मागे उलटतो, चालकाला उडी मारायलाही सवड मिळत नाही.

त्या दोघांनी शेवटी साग सोडून स्वस्तातल्या फळ्या घेतल्या. वाचलेल्या पैशांत ब्रेक बसवतो म्हणाले. मोळी टाकण्यापूर्वी आम्ही बघून येणार आहोत.