लेबल बदलून माल बदलत नाही : घरची व्हिडिओ फाइल संगणकात का चालत नाही?

आपल्या ठाणे, भिवंडी, कल्याण-डोंबिवली पट्ट्यात व्हिडिओ ही आता केवळ लग्नकार्याची बाब राहिलेली नाही. भिवंडीचा यंत्रमागधारक मालेगावच्या ग्राहकाला कापडाचा नमुना मोबाइलवर चित्रित करून पाठवतो. मुंब्र्याचा कारीगर आपले जरीकाम तसेच दाखवतो. पण हे चित्रण घरच्या संगणकावर कापायला-जोडायला घेतले की प्रोग्राम सांगतो, ही फाइल चालत नाही. पुष्कळ बंधू तेथेच थांबतात, किंवा पैसे देऊन काम बिघडवून घेतात. आम्हीही त्यातून गेलो आहोत.

आमचा निकाह १९९७ साली कल्याणच्या दूधनाक्याजवळ झाला. चित्रण व्हीएचएस कॅसेटवर होते, पुढे ते डीव्हीडीवर उतरवून घेतले. त्यात आमच्या मरहूम अब्बांनी केलेली दीड मिनिटाची दुआ आहे. त्यांचा आवाज आमच्याकडे तेवढाच. मुलीच्या निकाहच्या चित्रणात सुरुवातीला ती दुआ लावावी असे घरात ठरले. मुलाने डीव्हीडीतील फाइल संपादनाच्या प्रोग्राममध्ये घातली, तर अब्बांचे ओठ हलत होते पण आवाज नव्हता. त्याने फाइलच्या नावाचे शेपूट बदलून 'एमपी४' केले, तर चित्रही गेले. एका दुकानातून रूपांतर करून आणले, तर चित्र पुसट आणि आवाज ओठांच्या मागे! मग आम्ही स्वतःच हा विषय समजून घेतला.

कापडवाल्याला तो समजणे अवघड नाही. व्हिडिओ फाइल म्हणजे एक गठाण. एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही, व्हीओबी ही गठाणीच्या बांधणीची नावे. आत चित्राचा एक तागा आणि आवाजाचा दुसरा. प्रत्येक ताग्याची घडी घालण्याची रीत वेगळी, तिला कोडेक म्हणतात. डीव्हीडीत चित्र एमपीईजी-२ रीतीचे असते आणि आवाज बहुधा एसी-३ रीतीचा. प्रोग्रामला चित्राची घडी उलगडता येते पण आवाजाची येत नाही, तेव्हा चित्र मुके होते. फाइलचे नाव बदलणे म्हणजे गठाणीवरचे लेबल बदलणे. आतला माल तोच राहतो.

म्हणून प्रथम आत काय आहे ते पाहावे. व्हीएलसी हा मोफत प्लेअर बहुतेक सर्व फाइली चालवतो. त्यात फाइल चालू असताना कंट्रोल आणि जे ही बटणे दाबली की चित्र व आवाजाचे कोडेक दिसतात. मीडियाइन्फो हा प्रोग्रामही हेच काम करतो.

मग दोन मार्ग आहेत. आतला माल प्रोग्रामला चालणारा असेल आणि फक्त बांधणी अडत असेल, तर शटर एन्कोडर या मोफत प्रोग्रामने केवळ गठाण बदलावी. हे थोड्या वेळात होते आणि चित्राचे काहीच नुकसान होत नाही. मालच चालत नसेल तर नव्याने घडी घालावी लागते. त्यासाठी हँडब्रेक हा मोफत प्रोग्राम चांगला. मात्र अशा प्रत्येक रूपांतरात चित्र थोडे उतरते, जसा प्रत्येक धुण्यात रंग उतरतो. म्हणून रूपांतर एकदाच आणि नेहमी मूळ फाइलवरूनच करावे.

डीव्हीडीवर एक चित्रण एकेक जीबीच्या तुकड्यांत असते. तुकडे वेगवेगळे न घेता पूर्ण फोल्डर हँडब्रेकमध्ये उघडावे. बांधणी एमपी४, चित्र एच.२६४, आवाज एएसी ठेवावा. आपल्याकडील चित्रण पाल पद्धतीचे, सेकंदाला २५ चित्रांचे असते, म्हणून २५ हाच वेग कायम ठेवावा. दर्जाचा आकडा १८ च्या आसपास घ्यावा. आकडा लहान तर चित्र चांगले, पण फाइल मोठी. हालचालीच्या वेळी कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसल्या तर डीइंटरलेस ही सोय चालू करावी.

मोबाइलचे दुखणे वेगळे. आयफोन २०१७ पासून आणि अनेक अँड्रॉइड फोनही एचईव्हीसी रीतीने चित्रण करू शकतात. जागा कमी लागते, पण जुने प्रोग्राम अडतात. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'मोस्ट कंपॅटिबल' निवडले की पुढचे चित्रण एच.२६४ मध्ये होते. दुसरे असे की मोबाइलचा चित्रांचा वेग कमीजास्त होत राहतो, त्यामुळे संपादनात आवाज मागेपुढे सरकतो. हँडब्रेकमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडले की हे थांबते. व्हॉट्सॲपवर फाइल साधी पाठवली तर ती आक्रसते. ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी.

जागेचा हिशेबही आधी करावा. सेकंदाला ८ मेगाबिट या दराने एका तासाला सुमारे ३.६ जीबी लागतात.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. फुकट रूपांतर करून देणाऱ्या अनोळखी वेबसाइटवर घरचे चित्रण चढवू नका. निकाहच्या चित्रणात घरातील लेकी-सुना असतात. ते चित्रण कोणाच्या संगणकावर किती दिवस पडून राहील, याचा भरवसा नाही. वरचे प्रोग्राम घरातच काम करतात. तेही त्यांच्या मूळ ठिकाणाहूनच उतरवून घ्यावेत.

घरी भरलेली डीव्हीडी रासायनिक रंगाच्या थरावर लिहिली जाते आणि ऊन व उष्णतेने तो रंग खराब होतो. व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनेही २०१६ साली ते काम बंद केले. म्हणून कॅसेट आणि डीव्हीडी आजच उतरवा, दोन ठिकाणी प्रती ठेवा आणि मूळ वस्तू टाकू नका.

आमच्या मुलीच्या चित्रणात अब्बांची दुआ अखेर स्वच्छ ऐकू आली. वडीलधाऱ्यांचा आवाज ही आपल्याकडे अमानत आहे. ती सांभाळण्यासाठी एक संध्याकाळ पुरेशी होते.